भरती साडेदहाला

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मागच्या खिडकीशी,
डिस्टेंपरच्या वीस लिटरच्या बादलीत
एक तिवर आहे.
समुद्रापासून आख्खा घाट वर, कोल्हापुरात.

सहलीच्या पोरांनी आचऱ्याच्या खाडीतून बी आणलं होतं,
चपटं, वालाच्या दाण्यासारखं, साल सुटलेलं.
डब्यातल्या चिखलातून एक गोगलगाय आली फुकटची,
तीन दिवस बादलीच्या कडेनं फिरली.
चौथ्या दिवशी शिवगोंडा मगदूमांनी ती
काडेपेटीत ठेवली.

शिवगोंडा मगदूम, प्रयोगशाळा परिचर, गाव रुकडी.
समुद्र पाहिलेला नाही.
सहल गेली की चाव्यांसाठी
कुणीतरी मागं राहावं लागतं.

खडेमीठ लक्ष्मीपुरीतून, स्वतःच्या पैशानं.
लिटरला वीस ग्रॅम.
पुस्तकात पस्तीस आहे,
पण खाडीत नदीही असते, हा त्यांचा हिशोब.
साडेदहाला कुलूप काढलं की भरती.
साडेपाचला नळी लावून ओहोटी.
रविवारी समुद्र नाही.
एका दिवाळीत तर एकवीस दिवस नव्हता,
पानं काळी पडली होती टोकांना.

मी नवीन रुजू झाले तेव्हा म्हटलं,
कशाला एवढा खटाटोप, राहू द्या की पाणी भरलेलं.
त्यांनी नळी तोंडातून काढली, बेसिनमध्ये थुंकले.
"येऊन बसतंय ते तळं, मॅडम.
त्याला रंकाळा हाय की.
येतंय आन् जातंय, त्यो समुद्र."

चतुर्दशीला ते अळणी जेवायचे.
मुगाची आमटी, भाकरी, खिडकीकडे तोंड करून,
आणि डबा धुऊन त्याच हातांनी
तराजूवर झाडाचं मीठ मोजायचे.
त्या दिवशी नळी तोंडानं ओढायची नाही.
मगानं ओहोटी. अर्धा तास लागायचा.

पानांच्या पाठीवर मिठाचे बारीक कण येतात.
घाम म्हणायचं का रडणं, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, ग्रंथी असतात.
"ग्रंथी," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "ग्रंथी."
पटल्यासारखं नाही.

मग एकदा नकाशा काढला मी.
समुद्र इकडे, गगनबावड्याखाली,
आणि पंचगंगा मात्र त्याच्याकडे पाठ करून चाललेली,
वाडीला कृष्णेत, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र,
दुसऱ्याच समुद्राला.
तिथेही मुखाशी चिखलात तिवरंच आहेत, म्हटलं.
मगदूमांचं बोट रुकडीवर होतं.
ते हललं नाही बराच वेळ.
"म्हंजे आमच्या वढ्याचं पाणी बी
जातंय व्हय तितपतूर."

मे अखेरीस निवृत्त झाले.
वही ठेवून गेले माझ्या टेबलावर.
दोनच रकाने, आलं आणि गेलं,
अधूनमधून शेरा:
संप, भरती नाही.
मीठ संपलं, उद्या.
परीक्षा चालू, आवाज न करता सोडलं.

काल बादलीतल्या चिखलातून
पेन्सिलीएवढी श्वासमुळं वर आलेली दिसली.
फोन केला. तिकडे बस उभी असावी, इंजिन चालू होतं.
किती? तीन.
सरळ का तिरकी? एक तिरकं आहे.
उजेडाकडं? नाही, कपाटाकडं.
ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, त्येवढी काडेपेटी बघा,
जाग्यावर हाय का.

होती.
कानाशी धरून हलवली.
वाजली.