आधी मशीन, मग चावी

सकाळचे साडेदहा. दौलतगंजातलं धुकं
अजून शटरखालून आत येतंय.
मशीन चालू केलं, कंपनीचं चिन्ह आलं,
गेलं, आणि सगळं तिथंच थांबलं.
काळ्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात
एक आडवी रेघ. लागते. विझते. लागते.
सत्तावीस वर्षं अक्षरं जुळवतेय मी,
मला ती शिरोरेघच वाटते,
खाली एकही अक्षर न लटकलेली.

समोर स्टुलावर पिंगळ्यांचा थोरला,
कानांवरून मफलर. आईच्या तेराव्याचं कार्ड हवंय.
"बाबांच्या वेळी केलं होतंत ना, काकू, तस्संच."
तस्संच म्हणजे दोन हजार नऊची फाइल.
म्हणजे जुना फाँट.
नव्यात उघडली तर डॉलर, टक्के, उलटे स्वल्पविराम,
जणू माणूस गेला नाही, खातं बंद झालं.

तौकीर मुरैन्याला होता. फोनवर म्हणाला,
"दीदी, पीछे जो भी लगा है, सब निकाल दो.
फिर एक-एक करके देखो."
मग मी टेबलाखाली. गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडलं.

प्रिंटर काढला. रेघ.
स्कॅनर काढला. रेघ.
चार तोंडांचा हब, त्यात भाच्याचा पेनड्राइव्ह
आणि एक चार्जिंगची वायर,
जिचा मोबाइल मी केव्हाच विकलाय.
रेघ.
दर वेळी बटण दाबून धरायचं, पंखा थांबेपर्यंत,
पाच मोजायचे, पुन्हा.
निळ्या पानावर जाऊन क्रमही बदलला,
आधी हार्ड डिस्क, बाकीचे मागाहून.
तौकीरला वाटलं होतं, एवढ्यानं भागेल.
नाही भागलं.

पिंगळे स्टुलावरून उतरला,
मोबाइलचा उजेड धरून माझ्या शेजारी वाकला.
"अजून एक आहे, काकू. तो हिरवा."

हिरवा नाही रे, हिरवी. चावी.
अंगठ्याच्या पेराएवढी, धुळीनं करडी झालेली.
दोन हजार चार साली अकरा हजारांना घेतली,
दोन हप्त्यांत.
ही नसेल तर जुना फाँट दार उघडत नाही.
विकणारी कंपनी बुडाली, तिच्या पुण्याच्या नंबरवर
हल्ली कुणीतरी पडदे शिवून देतं.

काढली.
मशीन उठलं.
इतकं सहज, की आम्ही दोघं
फरशीवर तसेच बसून राहिलो.

तौकीर म्हणतो, उठताना मशीन प्रत्येकाला विचारतं,
कौन हो भाई? कीबोर्ड सांगतो, माउस सांगतो.
ही गप्प. आणि उत्तर आल्याशिवाय
मशीन पुढं सरकत नाही.
मला पंगत दिसली:
भात वाढून झालाय, तूप वाढून झालंय,
टोकाच्या एका आजोबांनी अजून आपोष्णी घेतली नाही,
म्हणून सगळ्यांचे हात मांडीवर.

मग चालू मशीनला चावी लावली.
टुणकन आवाज आला. ओळखलं.

फाइल उघडली. नाव बदललं, तिथी बदलली,
आडनाव तेवढं तसंच ठेवलं. पिंगळे.
रेशनकार्डावर पिंगले, विजेच्या बिलावर पिंगले,
दारावरच्या पाटीवर रंगाऱ्यानं पिंगले.
तो पडद्याजवळ सरकून बघत राहिला.
"आईला हा ळ छान यायचा," म्हणाला.
"माझ्या गाठी सुटतात."
शंभर प्रती. पांढरा कागद, करडी कड.

प्रुफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून
चिठ्ठी चिकटवली डब्यावर:
आधी मशीन, मग चावी.
संध्याकाळी शटर ओढण्याआधी चावी काढली,
पदरानं पुसली,
दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ओवली.
भोक होतंच तिला ओवण्यापुरतं.
इतक्या वर्षांत मी पाहिलंच नव्हतं.