जिनगराकडे आलेली वही

तिगडीकर दफ्तरदार वही घेऊन आले
शहापुरात, माझ्या दुकानात,
साल आठवत नाही. पाटीवर नुकतीच
कानडी अक्षरं वर गेली होती, मराठी खाली,
आणि रंगाऱ्याचे पैसे द्यायचे राहिले होते.

"फ्रान्सच्या एका प्रधानाचं चरित्र लिहिलंय.
पांढऱ्या कापडात बांधा. त्यांचं निशाण पांढरं."
पांढरं मळतंय, म्हटलं.
"मळू दे की."

दाभण मारता मारता वाचत गेलो.
राजाचं डोकं उडालं त्या सकाळी
हा गवताच्या गाडीत पालथा पडून
सरहद्द ओलांडत होता.
एकवीस वर्षं परमुलखात.
धुक्याच्या गावी सावकाराच्या पोरींना
आपलीच भाषा शिकवायचा, तासावर पैसे घेऊन,
रात्री मंत्रिमंडळ भरवायचा,
चौघांचं, एका मेणबत्तीत.
मग मेलेल्याचा भाऊ गादीवर आला.
ह्यानं सगळं जागच्या जागी ठेवायला घेतलं:
घंटा, मानपान, कुणी कुठं बसायचं.
बसणारे उठून गेले होते.
पुन्हा तीन दिवस गोळ्या, पुन्हा नवा राजा.
शपथ घ्या, म्हणाले.
एकदा घेतलीय, म्हणाला,
आणि गावी जाऊन नाशपाती लावल्या.

इथं शाई बदललेली.
नाशपातीच्या बुडाशी घटप्रभेचं पाणी आलं,
मोट आली, आणि प्रधानाला
मामलेदारानं बोलावलं, तिजोरीच्या किल्ल्या घेऊन.
दिल्या त्यानं. पावती मागितली.
पावती यायला आठ वर्षं लागली,
आली ती कानडीत.

मी खळीत मोरचूद जरा जास्तच घातलं.
मणक्याला कातडं हवं होतं. आमच्या आज्यानं
संस्थानच्या घोड्यांची खोगिरं शिवली,
त्यातला एक तुकडा पेटीत होता. तो लावला.
बोललो नाही.

न्यायला आले तेव्हा मणक्यावरून बोट फिरवलं,
मग वही नाकाशी धरली,
बराच वेळ.

धाकटे सरकार काय करतात हो आता?
"गोकाक रस्त्याला पंप आहे पेट्रोलचा.
गेलतो परवा. मुजरा केला.
म्हणाले, किती लिटर?"

मजुरी मोजून दिली, वर चार आणे.
बाहेर धूळ उडत होती, बाजाराचा दिवस.
दारातच थांबले,
खांद्यावरचं उपरणं काढलं
आणि वही त्यात गुंडाळली,
नीट, चारी बाजूंनी.