हातचा

संध्याकाळचे सव्वासहा. कापुस्केसिंग, उणे एकतीस.
दुकानाची काच आतून गोठलेली.
धारेच्या चाकापाशी स्केटचे अकरा जोड,
उद्या पहाटे बर्फावर उतरणाऱ्या पोरांचे,
आणि माझ्या काळ्या अंगठ्याखाली फोन.

पन्नास हजार खोट्या डॉलरांत
नऊ खेळाडू बसवायचे.
खरे डॉलर पाचच.
बायको असती तर म्हणाली असती,
अरमाँ, एवढा हिशोब विजेच्या बिलाचा केला असतास तर...
असो.

आधी गोलरक्षक ठरवायचा,
म्हणजे तोच शेवटपर्यंत ठरत नाही.
सकाळच्या सरावातून पहिला कोण बाहेर पडला
ते कुणीतरी बघतं,
मला कळेपर्यंत पावणेसात.
काल रात्री डेन्व्हरला खेळून
पहाटे तीनला विमानातून उतरलेला संघ
आज विनिपेगला उभा राहणार, जडावल्या पायांनी.
गोलीही बदली. ग्लोव्हचा हात खाली ठेवतो,
वर वीतभर उजेड.
त्या उजेडासाठी तिघं घेतले, एकाच फळीतले:
एकानं दिला, दुसऱ्यानं मारला,
तरी दोघांचे गुण माझे.
बुडाले तर तिघंही एकाच होडीत.

साडेनऊ हजारांचा सेंटर मात्र सोडला.
समोरच्या त्या जाड्या बचावपटूशी
त्याचा छत्तीसचा आकडा.
तीन मोसम बघतोय,
त्याला मधोमध पाय ठेवू दिलेला नाही.

आठ जण झाले. उरले अडीच हजार.
यादी तळापर्यंत सरकवली,
जिथे स्वस्तातले सगळे एकाच भावाने पडून असतात.
ब्रिसबुआ, ए. बचाव. अडीच हजार.

एतिएन.
या काउंटरला त्याची हनुवटी जेमतेम टेकायची.
'आणखी खोल द्या,' म्हणायचा,
'बर्फाला चावली पाहिजे.'
डाव्या पात्याची आतली कड
उजव्याच्या दुप्पट झिजलेली असायची.
पाय आत पडतो याचा, मी सोलांजला सांगितलं.
'बापही तसाच चालायचा,' ती म्हणाली,
आणि सुटे मोजून ठेवले.

यादीत हे कुठे असणार.
यादीत गोल शून्य, असिस्ट दोन,
अंगावर घेतलेले फटके एकसष्ट.
दर फटक्याला एक पूर्णांक तीन.
सामन्यात तीन घेतले की वर तीन बक्षीस.
घेतला. माझ्या हातचा म्हणून नव्हे,
हिशोबात बसत होता म्हणून.
(असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.)

तिसरा डाव, अकरा मिनिटं.
माझी फळी तोवर गोलाशिवाय,
तो बदली पोरगा भिंतीसारखा.
एतिएन आडवा पडला, पहिला फटका पोटरीवर
लागला तसाच, आणि पक डाव्या घोट्याच्या आत.
उठला. म्हणजे उजवा पाय उठला.
बाकापर्यंत पोचता येईना,
पक अजून त्यांच्याकडे.
काठीवर रेललेला तो पुन्हा आडवा झाला.

फोन थरथरला. एक पूर्णांक तीन.
थरथरला. एक पूर्णांक तीन.
पहिल्या डावातला एक होताच,
म्हणून वर तीन.
पडद्यावर दोघं त्याला बोगद्यात नेत होते,
बूट जमिनीला न लावता,
आणि माझं नाव दोनशे बारावरून
अठ्ठ्याऐंशीवर चढत होतं.
पहिल्या शंभरांना दहा डॉलर.

साडेदहाला सोलांजला फोन लावला.
पहिल्याच घंटीला तिनं उचलला.
'बघितलंत?'
बघितलं.
'डॉक्टर म्हणतात, फोटो काढल्यावर सांगू.'
डावा ना, मी म्हटलं.
'डावा.'
तिच्याकडे टीव्हीवर जाहिरात चालू होती, ट्रकची.
मग तिनं विचारलं,
अगदी सहज, गावात सगळे विचारतात तसं:
'तुमच्या यादीत होता का तो?'

नाही, मी म्हणालो.

चाक चालूच राहिलं होतं मघापासून,
पात्याशिवाय, नुसतंच.