चकती क्रमांक दोनशे चौदा

स्टॉकहोम. डिसेंबर. अडीचलाच दिवा लावावा लागे.
तळघरात मी, लोखंडी चाक, पाण्याची बादली,
आणि प्लास्टरमध्ये मानेपर्यंत पुरलेला तू.
मानेपर्यंत म्हणते खरं; मान तुला नव्हतीच.

स्पिट्सबर्गेनच्या तांबड्या खडकातून
आर्विडनं तुला पोत्यात घालून आणलं,
बदल्यात दोन बोटं बर्फात ठेवून.
"घोड्याच्या नालासारखं आहे बघ," म्हणाला.
खरंच. नालाच्या आकाराचं चिलखत,
माथ्यावर अगदी शेजारी-शेजारी दोन डोळे,
पुढे एकच नाकपुडी,
डोळ्यांच्या मधे एक बारीक छिद्र,
नुसता उजेड मोजायला.
जबडा नाही. दात नाहीत.
मूग गिळून बसण्यावाचून तुला इलाज नव्हता,
चावणार कशानं?

डॉक्टर ॲल्मग्रेनना तुझ्या आतलं हवं होतं.
मेंदू होता ती पोकळी, नसा गेल्या त्या वाटा.
मांस चाळीस कोटी वर्षांपूर्वीच गेलेलं,
पण प्रत्येक नसेभोवती हाडाचा पापुद्रा राहिलेला,
वात काढून घेतल्यावर मेणात भोक राहावं तसा.
तो बघायचा तर एकच मार्ग:
तुला उगाळायचं.

चाक एकदा फिरलं की केसाएवढा थर जाई.
पुसायचं. भिंगातून बघायचं. कागदावर उतरवायचं.
परत चाक.
मी काढलेलं कुणालाच पडताळता येणार नव्हतं,
ते तोवर बादलीत गेलेलं असे,
तांबूस गाळ होऊन.
संध्याकाळी मी ती मागच्या अंगणात ओतायची.
सकाळी पोस्टमन विचारी, कोंबडी कापलीत का?

आधी नुसतं तोंड, मग कल्ल्यांच्या कमानी,
एकीमागे एक, पुलाखालून नाव न्यावी तशा.
डॉक्टर म्हणत, असलीच एखादी पुढची कमान
कुणाच्या तरी वंशात वाकेल, मिटेल, चावू लागेल.
म्हणजे आपण जेवतो ते कुणाच्या तरी श्वासानं.
दुपारच्या पावाचा घास
मी तोंडात तसाच धरून ठेवला.

दोनशेच्या सुमारास कान लागले.
अर्धवर्तुळाच्या नळ्या दोनच. मला तीन आहेत.
तिसरी, आडवी, तुझ्यानंतर कुणाला तरी सुचली.
कानापासून ढालीच्या कडेपर्यंत रुंद बोगदे;
कडेनं तुला पाण्याची थरथर कळत असेल,
किंवा वीज. डॉक्टरांचं ठरत नव्हतं.

दोनशे बारा. दोनशे तेरा.
मग काहीही झालं नाही.
तार आली नाही, कुणी वारलं नाही,
दारसुद्धा वाजलं नाही. मोजण्यात चुकले, बस.
चाक दोनदा फिरलं.
भिंगाखाली दोनशे पंधरा.
दोनशे चौदा बादलीत.

बराच वेळ पाणी ढवळत बसले.
जणू ती वर येणार होती.
मग तेरा डावीकडे, पंधरा उजवीकडे ठेवून
मधली काढली.
तेरात एक नस होती, पंधरात दोन.
म्हणजे ती फुटली होती. कुठे, ते मी ठरवलं.
पेन्सिल जरा वर नेली.
का, सांगता येत नाही. बरं दिसलं.

पंचवीसपट मोठ्या मेणाच्या चकत्या कापल्या,
एकीवर एक रचल्या,
आणि कपडे धुवायच्या टबाएवढा तू
टेबलावर उभा राहिलास. डॉक्टरांनी टोपी काढली.
ग्रंथ निघाला. आकृती एकतीस, डावा फाटा, बाण दाखवलेला.
प्रस्तावनेत माझे आभार, आडनाव चुकवून.

आता म्हणे यंत्रं आहेत,
दगडाला धक्का न लावता आतलं दाखवतात.
पुतणी परवा सांगत होती,
त्याच खडकातला तुझ्या जातीचा दुसरा एक
आत सरकवला, रात्रभर ठेवला.
"आणि आत्या, ती डावी नस..." म्हणाली.

मी उठून तिला कॉफी ओतली.
खिडकीतून ते अंगण दिसतं.
तिथे कुणी तरी लायलॅक लावलाय,
यंदा उशिरा फुलला.