एक दिस खाली

जहाजाचं नाव कुणाला आठवत नाही.
बस्त्याव म्हणतो, सिमेंट होतं त्याच्यात,
माझ्या बापाच्या लग्नाच्या वर्षी बुडालं;
तो वर्षं अशीच मोजतो.

निवतीच्या पुढे त्याने नांगर टाकला
आणि पाच मिनिटांत आपल्याला एक भाषा शिकवली:
पहिलं बोट नि अंगठा जुळवून गोल, म्हणजे ठीक.
पंजा पालथा, हलवत, म्हणजे कायतरी बिघडलां.
अंगठा वर –
"शाब्बास नाय हां. अंगठो म्हणजे वर चला.
खाली शाब्बास कोण कोणाक सांगणा नाय."

साठ फूट.
जालन्याच्या माणसांनी इतकं पाणी
एका जागी पाहिलेलं नसतं.
आधी नुसती हिरवी धूळ.
मग एक कठडा, एक शिडी कुठेच न जाणारी,
आणि गोण्या.
थरावर थर, बंदरात कुणी रचल्या असतील तशाच.
गोणपाट कधीच कुजून गेलं
पण आतल्या सिमेंटने आकार सोडला नव्हता:
शिवणीचा काठ, कोपऱ्यांचे कान,
हमालाच्या हुकाची जागासुद्धा.
दोन गोण्यांमधल्या फटीत एक गोबरा राहत होता,
घरमालक भाडं मागायला आल्यासारखा
आपल्याकडे बघत.

मी एका गोणीला हात लावला.

आपल्या जिन्याखाली अशाच आहेत.
वरच्या खोलीसाठी आणलेल्या, त्या मार्चमध्ये.
मग खोली कुणासाठी बांधायची हा प्रश्न
दवाखान्यातून आपल्याबरोबर रिक्षाने घरी आला,
पावसाळा आला, आणि त्या दगड झाल्या.
तू दर दिवाळीला म्हणतोस, फेकून देऊ.
मी दर दिवाळीला त्यांच्यावरची चादर धुऊन
परत घालते.

काचेमागे तुझे डोळे, मोठे.
मी पंजा हलवला, पालथा.
तू हवेचा काटा तपासलास, माझा, मग तुझा.
नळी चाचपलीस, पट्टे ओढून पाहिलेस.
सगळं ठीक होतं.
मी तरी हलवतच राहिले.
मग तू काटे सोडलेस
आणि तो हात नुसता धरून ठेवलास,
हलायचा थांबेपर्यंत.

होडीत तू म्हणालास, उद्या पहाटे नारूरचा डोंगर.
बस्त्याव टाक्या बांधत होता. मान वर केली नाही.
"नाय. रगतात वारो ऱ्हवता.
घायीत वर चढलास तर तो वाट शोधता.
एक दिस खाली ऱ्हवा."

म्हणून एक दिवस, देवबागच्या खोलीत.
पंखा. दोरीवर ओले कपडे.
कोपऱ्यात दोन्ही सॅका, शिक्षा झालेल्या पोरांसारख्या.
पेज, सुका बांगडा, पुन्हा झोप.
दुपारी कधीतरी तू छताकडे बघत म्हणालास,
"मी नाव ठरवून ठेवलं होतं."
मी विचारलं नाही.
दिवे लागल्यावर विचारलं.
तू सांगितलंस.
ते इथे लिहीत नाही.

मग टॉर्च, घाम, दवाने निसरडे दगड.
घाटमाथ्याच्या जरा खाली दम संपला, तिथेच बसलो.
सूर्य पाठीमागे, कड्याच्या आड;
तू म्हणालास, चुकीच्या बाजूला आलो.

तेवढ्यात समुद्र उजळला.
खूप लांब, एक रेघ.
डोंगराची सावली अख्ख्या कोकणावर पडली होती,
ती पाण्यावरून मागे सरू लागली.
किनारा सुटला. माड सुटले.
कुठल्याशा शाळेचा पत्रा चमकला.
आणि ऊन पायथ्याशी आलं,
चढू लागलं आपल्याकडे,
बस्त्यावने सांगितल्यासारखं, सावकाश.

तू अंगठा वर केलास.
मला कळेना, कुठल्या भाषेत.

उतरताना विचारलंस,
"सात ना त्या गोण्या?"
"आठ," मी म्हटलं.
"एक मागे आहे, भिंतीला टेकून."