ओट्यावरची जागा

रात्री साडेआठला कोठारींचं शटर पडतं
आणि सराफ्यातल्या त्याच ओट्यावर
कैलास प्रजापत कढई मांडतो.
गराडू, वर जिरावण, लिंबू.
भाडं नाही. लेखी काही नाही.
अट एकच : सकाळी सोनं उघडायच्या आत
तेलाचा थेंबसुद्धा दिसता कामा नये.

दिवसभर मी हेच शिकवत होतो एका कंपायलरला,
विजयनगरच्या सातव्या मजल्यावर.

की बाबा, हे फंक्शन अर्ध्यात थांबतं,
"आलोच" म्हणून जातं,
परत येऊन नेमकं त्याच ओळीवर बसतं.
मधल्या वेळात त्याचं सामान,
तीन आकडे, एक मोजणी,
कुठवर आलो होतो त्याची खूण,
कुठेतरी राहायला हवं. कबूल.
पण म्हणून दर खेपेला
हीपच्या दारात जाऊन नवी खोली मागायची?
एकशे चौरेचाळीस बाइटांसाठी?
सेकंदाला चाळीस लाख वेळा
चावी घ्यायची, चावी द्यायची?
ज्यानं बोलावलं तो जागा आहे ना.
हे त्याच्या आधी उठून जाणार ना.
मग त्याच्याच ओट्यावर पसर की.

बहुतेक ठिकाणी त्याला पटलं.
खोल्या गळाल्या, वेळ निम्म्यावर आली.

एका ठिकाणी मात्र अडून बसला.
चार तास.
सगळं आतल्या आत उलगडून दाखवलं,
शेवटी शिव्या दिल्या, अस्सल इंदुरी.
मग दिसलं : आतल्या फंक्शननं
आपला पत्ता
तिसऱ्याच कुणाच्या यादीत लिहून ठेवलाय.
तो कधी येईल, कधी हाक मारेल,
तेव्हा ओट्यावर कढई असेल की तराजू,
कसं सांगणार?
शंका आली की हा खोली घेतो.
भित्रा नाही. हिशेबी.

गराडू तोंडात भाजला तेव्हा आठवलं,
रामबागेत मावशीकडे मी
"प्रोजेक्ट संपेपर्यंत" आलो होतो.
खिडकीखालची खाट, एक खुंटी.
आता माझ्या नावानं तिथं बँकेची पत्रं येतात,
पासपोर्टचा पोलीस येऊन गेला,
परवा देवासहून एक स्थळसुद्धा.
मावशी काही म्हणत नाही.
काकांनी फक्त त्या खुंटीला
छत्री अडकवायचं सोडलंय.

"और दूँ, भिया?"
नको. दोन वाजून गेलेत,
कैलास ओटा पुसायला लागलाय.

उद्या यादीतली ती ओळ खोडून बघेन.
नाही जमलं तर खोली.

फडकं फिरून गेलं तरी
फटीत लिंबाची एक बी राहिलीय.
तो वाकतो, नखानं काढतो.