एकेकानं

माझे बाबा, निवृत्त हवालदार विश्राम पाष्टे,
घोटाभर चिखलात उभे राहून
बर्फाबद्दल बोलतात.

आमच्याकडे बर्फ म्हणजे
जेटीवर पेटीत बांगड्यावर कुटून टाकतात तो.
वाडी ऐकून घेते, लांब जाऊन हसते.

वरचा थर कडक, ते सांगतात, खुशाल चालशील.
पण मधे कुठेतरी एक थर असतो साखरेसारखा,
दाणा दाण्याला धरत नाही.
मग सड्याकडे हात करतात:
वर जांभा, खाली शेडी.
शेडी भिजली
की दोघांचं काही नातं उरत नाही.

अष्टमीनंतर पऱ्ह्याचं पाणी गढूळ झालं,
तीन दिवस पाऊस नसताना.
वरच्या रायवळाशी भेग दिसली.
बाबांनी दोन खुंट्या ठोकल्या, मधे सुतळी,
आणि मला वही दिली.
सोमवार, बोटभर.
गुरुवार, अंगठा जातो.
शनिवारी माझी शाळेची पट्टी आत पडली,
पडल्याचा आवाज आला नाही.

गणपती खालून आणायचे, त्याच उताराखालून.
दुसरी वाट साकवावरून होती,
साकव आषाढात गेला.

बाबा वाटेच्या तोंडाशी, शिट्टी घेऊन.
एकेकानं.
पहिला पलीकडच्या फणसाखाली पोचेपर्यंत दुसरा नाही.
बाकीच्यांनी नजर काढायची नाही त्याच्यावरून.
दत्तारामकाका भडकला, मग झांजाही बंद का?
वाजवा की, म्हणाले,
आवाजानं काही होत नाही. वजनानं होतं.

सतरा घरं, सतरा देव,
डोक्यावर पाट, मूर्तीच्या तोंडावर रुमाल.
एक घर चालायचं,
सोळा घरं बघत राहायची.
गडग्यावरून बोलणं तुटलेला सखाराम निघाला
तेव्हा काकालाही बघावं लागलं,
पाऊल न् पाऊल.

शेवटी बाबा. त्यांच्यावर नजर माझी.
मध्यावर ते थांबले.
थांबायचं नसतं, हे त्यांचंच शिकवणं.

तिकडचं त्यांनी घरात एकदाच सांगितलंय:
नरबहादूर पुढे होता,
मी बुटाची नाडी बांधायला खाली बघितलं.

माझ्या पायावर जळू चढत होती.
मी खाली बघितलं नाही.

आज अनंत चतुर्दशी.
सुतळी ताठ आहे.
वहीत तेवढंच लिहिलंय.